निमपट

मंदाकिनीला नोकरीतला पहिला मान मिळाला तो चोपन्नाव्या वर्षी. तिच्या हातून शाळेची वाट लागली, तीही त्याच मानामुळे.

प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्सच्या मागे महापालिकेची मराठी शाळा होती. एकतीस वर्षं ती तिथे पाचवीला शिकवत होती. बडोद्यात सगळे शिक्षिकेला बेन म्हणतात, म्हणून या मराठी शाळेतही ती बेनच. पोरं बहुतेक खानदेशातून आलेल्यांची: कुणाचा बाप रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कंत्राटावर, कुणाचा मकरपुऱ्याच्या कारखान्यात. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, मोबाइलवर हिंदी, आणि साडेदहा ते साडेपाच मंदाकिनीबेनचं मराठी. ते मराठी मात्र तिने जपलेलं. पोरगं 'बेन, माझी पेन्सिल खोवाई गेली' म्हणालं, की ती हातातला खडू खाली ठेवायची. 'हरवली म्हण,' असं सांगायची आणि ते म्हणेपर्यंत पुढे जायची नाही. तिचे आजोबा संस्थानच्या नोकरीत कायद्याच्या कागदांची भाषांतरं करायचे. त्यांचं अक्षर आणि त्यांची भाषा यांच्या गोष्टी ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती.

त्या वर्षी नवा अभ्यासक्रम आला. नवी पुस्तकं आली आणि त्यांच्या मागोमाग 'अध्ययन निष्पत्ती'ची जाडजूड पुस्तिका आली. पाचवीच्या मुलाला नेमकं काय काय यायला हवं, याची ती यादी. प्रत्येक ओळीला नंबर. फेब्रुवारीत सगळीकडे एकाच दिवशी, एकाच वेळी, एकच पेपर. उत्तरं लिहायची नाहीत, चारांपैकी एक गोल काळा करायचा. मग त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढायचा, की मूल कुठल्या नंबरात कच्चं ते मशीन सांगणार. प्रत्येक मुलाला, आणि मुलांची बेरीज करून शाळेला, रंग मिळणार: हिरवा, पिवळा नाहीतर लाल.

पेपर मूळ गुजरातीत निघणार होता. मराठी शाळांसाठी गणिताच्या पेपराचं भाषांतर कुणी करायचं, असा प्रश्न महापालिकेच्या शिक्षण कचेरीत निघाला तेव्हा तिथले अधिकारी त्रिवेदीसाहेब यांनी तिचं नाव सुचवलं.

"मंदाकिनीबेन, तमारा जेवुं मराठी आखा बडोदामां कोई लखतुं नथी," ते फोनवर म्हणाले. तिच्यासारखं मराठी अख्ख्या बडोद्यात कुणी लिहीत नाही! मनाने सज्जन माणूस. बोलणं असं, की ऐकणाऱ्याला आपण चार बोटं उंच झालो असं वाटावं.

गोत्रीच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलावर कागद पसरून मंदाकिनी चार संध्याकाळी बसली. पेपर गोपनीय, म्हणून नवऱ्यालाही टेबलाकडे फिरकू दिलं नाही. गुजराती साधं होतं, बाजारात बोलतात तसं. 'सीमा पासे ४८ मणका छे. नीला पासे तेना करतां अडधा छे.' मणका म्हणजे मणी. मंदाकिनीने आधी लिहिलं, 'नीलाकडे त्याच्या अर्धे आहेत.' वाचून बघितलं. वाक्य बरोबर होतं, पण अगदीच उघडंबोडकं. दुप्पट, तिप्पट असे नेमके शब्द ज्या भाषेत आहेत, तिथे 'अर्धे'? तिने खोडलं आणि लिहिलं, 'निमपट'. किती दिवसांनी हा शब्द हातून लिहिला गेला! पुढच्या प्रश्नात पतंग कापले गेले होते आणि 'बाकी केटला रह्या' असं विचारलं होतं. तिथे तिने 'उर्वरित पतंग किती?' असं केलं. शेताला 'वाड' करायची होती. वाड म्हणजे कुंपण. ते तर सरळच होतं.

"अहो, ऐकता का? निमपट म्हणजे काय सांगा बघू," तिने आतल्या खोलीकडे बघून विचारलं.

"अर्ध्याच्या ऐवजी कुणी बोलतं का असं?" उन्मेष आतून म्हणाला. तो रिफायनरीत सुपरवायझर होता, दोन वर्षांत निवृत्त होणार होता. "पेपरात घातलास की काय?"

"पेपरात काय घातलं ते मी सांगणार नाही. पण मुलांनी चांगली भाषा वाचायची तरी कुठे? कुठेतरी ती त्यांच्या कानावर पडायला हवी ना."

"परीक्षेतच?"

ती पुढचा प्रश्न लिहायला लागली. भाषांतर कचेरीत पोचलं तेव्हा त्रिवेदीसाहेबांनी चार माणसांसमोर त्यातली दोन वाक्यं मोठ्याने वाचली. त्यांना मराठी वाचता येत होतं. ती वाक्यं ऐकायला गोड लागतात, असं ते म्हणाले. एक प्रमाणपत्रही निघालं. शाळेचे आचार्य भास्करराव, म्हणजे तिचे मुख्याध्यापक, यांनी ते ऑफिसच्या भिंतीवर लावायला मागितलं आणि तिने आढेवेढे घेत दिलं.

परीक्षेच्या दिवशी शाळेत शिक्षक कमी होते, त्यामुळे मंदाकिनी आपल्याच वर्गावर राहिली. नियम कडक होते. मुलांना प्रश्न वाचून दाखवायचा नाही, शब्दाचा अर्थ सांगायचा नाही, मान हलवायची नाही. काही शाळांवर बाहेरून निरीक्षक येणार होते. या शाळेच्या वाट्याला योगिनी नावाची एक तरुण मुलगी आली. ती मागच्या बाकावर मोबाइल घेऊन बसली आणि दर दहा मिनिटांनी त्यात काहीतरी भरायला लागली.

एकोणतीस मुलं. दुर्गा पहिल्या बाकावर, नेहमीप्रमाणे. किडकिडीत पोरगी, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या. तोंडी गणितात ती मंदाकिनीलाही हरवायची. फळ्यावर आकडे पडले रे पडले, की हिचं उत्तर तयार. नव्या पुस्तिकेतले गणिताचे सगळे नंबर ही पोरगी दिवाळीच्या आधीच पुरे करून बसली होती.

दहा मिनिटांत दुर्गाचा हात वर.

"बेन, निमपट म्हणजे किती पट?"

वर्गातल्या दोघातिघांनी मान वर केली. म्हणजे तेही तिथेच अडले होते.

मंदाकिनी सांगायला गेली. मागे योगिनीने मोबाइलवरून नजर वर केली होती.

"आपलं आपण वाच, बाळा. नीट वाच," ती म्हणाली.

"वाचलं मी. दुप्पट म्हणजे दोन पट, तिप्पट म्हणजे तीन. निम किती?"

"बोलायचं नाही परीक्षेत."

दुर्गाने पेन्सिल ओठांत धरली. तिचा विचार मंदाकिनीला समोर लिहिल्यासारखा दिसत होता. पट आहे म्हणजे वाढणार. चार उत्तरांत अठ्ठेचाळीसच्या पुढचं एकच होतं, शहाण्णव. पोरीने तो गोल भरला. नीट, रेघेच्या बाहेर न जाता, बेनने सराव करून घेतला होता तसा.

मग कुंपण. "बेन, कुंपण जमिनीवर टाकतात का?" मागून सोहमने विचारलं. मंदाकिनी म्हणाली, "शांत बसा." टाकतात असं समजून मुलांनी लांबी आणि रुंदीचा गुणाकार केला. वाड म्हटलं असतं तर एकूण एक पोराने शेताच्या चार बाजू मोजल्या असत्या. यांच्या वस्तीत रेल्वेच्या हद्दीला तारेची वाडच होती. सगळी त्यातल्या भोकांतून शाळेला यायची.

बाकांमधून फेऱ्या मारताना तिला एकेक कागद वरून दिसत होता. उर्वरित, कुंपण, निमपट. कापले गेलेले पतंग मुलांनी असलेल्या पतंगांत मिळवले होते. अठरा मुलांनी. तिने मोजले. आपण स्वतः लिहिलेला प्रत्येक चांगला शब्द कुठे आहे ते तिला पाठ होतं, आणि त्या प्रत्येकापाशी चुकीचा गोल काळा होत होता. एकदा तिच्या मनात आलं, योगिनीला बाहेर बोलवावं आणि सांगावं, की बाई गं, हा पेपर मी लिहिलाय, मला एकच शब्द बदलू दे. पण भाषांतर कुणी केलं हेही गोपनीयच होतं. आणि खरं सांगायचं तर तिची जीभ त्या नियमामुळे रेटली नाही. परक्या पोरीसमोर कसं बोलायचं, याचा संकोच होता तो. नंतर कितीतरी दिवस ती स्वतःला नियमाचं कारण देत राहिली, आणि ते खोटं आहे हे तिला कळत होतं.

पेपर सुटल्यावर दुर्गा पुन्हा आली. "आता सांगा. निमपट?"

"अर्धे."

दुर्गा रडली नाही. "मग अर्धे का नाही लिहिलं त्यांनी?" तिने विचारलं आणि दप्तर उचलून गेली.

मार्चअखेर निकाल आला. शाळा लाल. दुर्गाच्या नावापुढे लिहिलेलं होतं की तिला पट, परिमिती आणि वजाबाकी येत नाही. वजाबाकी! भास्करराव तो कागद हातात धरून वर्गाच्या दाराशी आले. त्यांना निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

"मंदाकिनीबेन, पोरांना तर सगळं येत होतं. झालं काय?"

तिने दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. भास्कररावांनी हातातल्या निकालाची घडी घातली.

"हे माझ्यापाशी राहू द्या," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी सुधारू. लाल तर लाल."

"एकोणतीस मुलांच्या नावावर लागलंय ते."

"आणि तुम्ही लिहून दिलंत तर तुमच्या नावावर लागेल. फरक काय पडणार आहे?"

उन्मेषचंही तेच म्हणणं. "मंदा, चूक झाली, संपलं. कचेरीला खरं सांगायला जाऊ नये. त्यांना खरं ठेवायला जागा नसते."

पण तिला झोप लागेना. पुढच्या रविवारी तिने अर्ज लिहिला. कचेरीला कळावा म्हणून गुजरातीत, दोन पानी. आपण भाषांतर केलं, ते करताना मूळ पेपरातले सोपे शब्द सोडून अवघड शब्द घातले. मुलं गणितात कच्ची नाहीत, तर त्यांना हे मराठी परिचयाचं नाही. तेव्हा या शाळेची परीक्षा सोप्या शब्दांत पुन्हा घ्यावी, आणि जो काही ठपका असेल तो आपल्यावर ठेवावा. खाली शब्दांची यादी जोडली. लिहून झाल्यावर तिने तो दोनदा वाचला. अर्ज चांगला उतरला होता, आणि तसं वाटल्याचीही तिला लाज वाटली.

त्रिवेदीसाहेबांनी तो तिच्यासमोर वाचला. चहा मागवला. "आवुं कोण लखे छे आजे, बेन?" ते म्हणाले. आजकाल स्वतःची चूक कोण कबूल करतं? त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. "मी वर पाठवतो. शिफारस करून पाठवतो."

त्यांनी शब्द पाळला. अर्ज वर गेला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळेला सुटी असताना, भास्कररावांचा फोन आला. ती रिक्षा करून गेली. ऑफिसात पंखा बंद होता आणि टेबलावर कचेरीचा आदेश पडला होता, गुजरातीत. मंदाकिनी उभ्यानेच वाचायला लागली. वाचता वाचता सवयीने तिच्या मनात त्याचं मराठी होत गेलं, अगदी नेटकं: मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना मराठी भाषेचे पुरेसे ज्ञान नसल्याचे खुद्द संबंधित शिक्षिकेने लेखी कळविले आहे. सबब सदर माध्यम चालू ठेवणे विद्यार्थ्यांच्या हिताचे नाही. पाचवी ते आठवीचे वर्ग जूनपासून जवळच्या गुजराती शाळेत समाविष्ट करण्यात येत आहेत.

"पहिली ते चौथी राहील," भास्करराव म्हणाले. "आता पुढे पाचवीच नाही म्हटल्यावर पहिलीत कोण घालणार आहे, ते सांगा."

"मी असं लिहिलं नव्हतं."

"लिहिलं होतंत. मी आज वाचलं. त्यांनी तुमचाच कागद मागे जोडलाय."

ती तशीच कचेरीत गेली. त्रिवेदीसाहेबांनी यावेळीही चहा मागवला. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. दोन्ही तळहात उघडे करून ते म्हणाले, की शाळेचा पट तर कमी होतच होता, कुणाला तरी एक कारण हवं होतं. ते त्यांना इतक्या चांगल्या भाषेत लिहिलेलं मिळालं. मी तरी काय करू, बेन? मंदाकिनीने चहा घेतला नाही. एवढंच तिच्या हातात होतं.

पालकांची सभा झाली तेव्हा उन्हं उतरायला आली होती. पंधरा-वीस बाया आणि चार बाप आले. भास्कररावांनी आदेश समजावून सांगितला. आपल्या अर्जाचं मंदाकिनीने स्वतःच सांगितलं. लपवून ठेवायला काही उरलंच नव्हतं. बहुतेकांना ते नीटसं कळलं नाही. एका बापाने नवी शाळा रस्त्याच्या अलीकडे की पलीकडे एवढंच विचारलं, आणि अलीकडे आहे कळल्यावर त्याचं समाधान झालं.

दुर्गाची आई मात्र उठून उभी राहिली. ती क्वार्टर्समध्ये चार घरची धुणीभांडी करायची. सभेत कधी बोललेली नव्हती.

"बेन, माझी पोर घरी येऊन सांगत होती. तिनं तुम्हाला विचारलं त्या शब्दाचं. तुम्हाला येत होता ना तो?"

"हो."

"मग सांगितला का नाही?"

"सांगायची परवानगी नव्हती, ताई."

"आणि हा कागद लिहायची होती परवानगी?"

दुर्गाच्या आईने पदर खोचला. आवाज चढवलेला नव्हता, त्यामुळे प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. "मी गावाकडून आले तेव्हा सगळे म्हणत होते, गुजरातीत घाल. मी म्हटलं, नाही. बेन चांगल्या आहेत, मराठी शिकवतात. तुमची पोरगी कुठल्या शाळेत होती, बेन?"

तिची मुलगी पूर्णिमा इंग्रजी शाळेत शिकली होती. अलकापुरीतल्या. सगळ्यांना ठाऊक होतं ते. मंदाकिनीने तसं सांगितलं. दुर्गाच्या आईने मान हलवली, जणू तिला एवढंच हवं होतं, आणि ती चप्पल घालून निघाली.

जूनमध्ये मुलं गेली. गुजराती कच्चं म्हणून दुर्गाला आणि आणखी अकरा जणांना पुन्हा पाचवीतच बसवलं. सोहमच्या बापाने त्याला गावी, धुळ्याकडे, आजीपाशी पाठवून दिलं. मंदाकिनी शाळेत जास्तीची ठरली. वर्ग नाही, पण पगार चालू, म्हणून तिला कचेरीत बसवलं. शाळाशाळांमधून आलेले मार्क कॉम्प्युटरमध्ये बरोबर चढले का ते तपासायचं काम. आजूबाजूला पाचसहा अशाच जास्तीच्या ठरलेल्या बायका. दुपारी डबे एकत्र उघडायचे. पहिले काही दिवस ती 'खोवाई गेलं' म्हणणारीला मनातल्या मनात सुधारायची. नंतर तेही गेलं.

दिवाळीच्या आधी ती लहरीपुऱ्याच्या बाजारात पणत्या आणि रांगोळीचे रंग घ्यायला गेली होती. वेशीच्या दरवाजाच्या आत पाय ठेवायला जागा नव्हती. मागून कुणीतरी तिच्या पर्सचा पट्टा ओढला. वळून बघते तो दुर्गा. नवा गणवेश, वेण्या तशाच घट्ट. आई जरा पुढे बांगड्यांच्या गाडीपाशी पाठमोरी उभी होती.

"केम छो, बेन?"

"मी बरी आहे. तू कशी आहेस? शाळा कशी आहे?"

"सरस," दुर्गा म्हणाली. मग आठवून म्हणाली, "छान. सहामाही परीक्षा झाली आमची. तीही गोलवाली. मला हिरवं आलं."

मंदाकिनीने दुर्गाच्या खांद्यावर हात ठेवला. "वा! अडलं नाही ना कुठे? गुजरातीत होता ना पेपर? कळले सगळे प्रश्न?"

"नाही कळले. पण तिथे कळावं नाही लागत, बेन. सर फळ्यावर लिहितात. एक नंबर ब, दोन नंबर अ, तीन नंबर ड. आपण खाली गोल काळे करायचे. सगळ्यांना हिरवं आलंय. कोणी बाहेरचं आलं तर पुसायला एक मुलगा फळ्यापाशी उभा असतो." ती हे सांगत होती ते त्या शाळेचं कौतुक म्हणून. तिथे पाण्याचं मशीन आहे, दोन पंखे आहेत, त्यातलंच आणखी एक. "तिथले सर खूप चांगले आहेत."

"आणि गणित? ते कोण शिकवतं?"

"आता वर्षभर तेच चालतं. गोल भरायचे." दुर्गाने मागे वळून आईकडे बघितलं. आईने बेनला पाहिलं होतं. ती तिथेच थांबली, जवळ आली नाही. नुसती मुलीला हाक मारली.

"जाऊ मी?"

"जा."

दुर्गा गर्दीत शिरली. दोन्ही वेण्या थोडा वेळ दिसत राहिल्या, मग एका हातगाडीने त्या झाकून टाकल्या. दुकानदार मंदाकिनीला विचारत होता, पणत्या साध्या देऊ की रंगवलेल्या. त्याला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

"कोईपण आपो," ती म्हणाली.

घरी गेल्यावर उन्मेषने पिशवी उघडली तर पणत्या होत्या आणि रंग राहून गेले होते. त्याने विचारलं तेव्हा तिने सांगितलं, की गर्दी फार होती. दुर्गा भेटल्याचं सांगितलं नाही. सोमवारी ती कचेरीत गेली आणि त्या गुजराती शाळेचं पान उघडून तिने एकेक नाव तपासलं. पाचवी, सगळ्या ओळी हिरव्या. कॉम्प्युटरने खाली विचारलं होतं, माहिती बरोबर आहे का. शेजारची बाई डबा घेऊन उठली होती आणि 'चालो' म्हणत थांबली होती. मंदाकिनीने 'हो'वर बोट दाबलं आणि तिच्याबरोबर जेवायला गेली.